डेस्कटॉपचे गोडवे गाणाऱ्यांनी एक पावसाळा आमच्याकडे काढावा

माजघर:
परवा ‘बारावीनंतर कोणता संगणक’ या धाग्यावर सर्किटराव यांनी लिहिलं, ‘विद्यार्थ्याने सत्तर हजारांचा लॅपटॉप घेणं म्हणजे निव्वळ मिरवणं. त्यापेक्षा कमी पैशात डेस्कटॉप असेंबल करा, दर वर्षी एकेक भाग बदला, पोरगं चार गोष्टी शिकेल.’ खाली सगळ्यांनी ‘सहमत, सहमत’ करून माना डोलावल्या. मीही डोलावली असती, पण ही मान एकदा डोलवून झाली आहे आणि ती मला एक्कावन्न हजारांना पडली. म्हणून जरा सविस्तर.

आमचं घर गुहागर तालुक्यात, रात्री लाटांचा आवाज ऐकू येतो एवढ्या अंतरावर. थोरल्याच्या डिप्लोम्यासाठी २०१९ साली भाच्याने मुंबईत लॅमिंग्टन रोडवर फिरून एकेक भाग जमवला. बत्तीस हजार. कॅबिनेट मांडीवर घेऊन रातराणीने आला बिचारा. पहिलं वर्ष दृष्ट लागावी असं चाललं. दुसऱ्या पावसाळ्यात चालू केलं की नुसती बीप, पडदा काळा. रॅम काढायची, सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचं, परत बसवायची, की चालू. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आमच्याकडे देवघरात निरांजन आणि संगणकाच्या टेबलावर खोडरबर हे दोन्ही नेमाने लागायचं.

मग एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेला. नवा आणला, तोही गेला. उघडला तेव्हा आत पालीचं पिल्लू वाळून चिकटलेलं आणि पंख्याच्या पात्यांवर ओलसर, चिकट थर. तिसऱ्या वर्षी मदरबोर्ड. त्या सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या खाचेचा) नवा कुठे मिळेना, म्हणून प्रोसेसरही बदला. वर एकोणीस हजार! ‘दर वर्षी एकेक भाग बदला’ हा सल्ला आम्ही तंतोतंत पाळला, फक्त कोणता भाग आणि कधी हे ठरवायचा मान खाऱ्या हवेला दिला.

लाइटचं तर सांगूच नका. माडाची एक झावळ तारेवर पडली की दुपार गेली. ६०० व्हीएचा यूपीएस दहा मिनिटं टिकायचा, म्हणजे ‘सेव्ह कर, सेव्ह कर’ असं ओरडण्यापुरता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर माझ्या दापोलीच्या मामेबहिणीकडे किती दिवस अंधार होता ते तिलाच विचारा. तिच्या मुलाचा लॅपटॉप शेजारच्या जनरेटरवर चार्ज होऊन यायचा. डेस्कटॉप काय डोक्यावर घेऊन जाणार?

आता धाकटी मेकॅनिकलला, लोणेऱ्याला वसतिगृहात. तिला सरळ लॅपटॉप घेतला. १६ जीबी रॅम, एक स्लॉट मोकळा, ५१२ जीबीची एनव्हीएमई डिस्क. ज्यांना मिरवणं वाटतं त्यांनी खुशाल म्हणावं.

सर्किटराव:
तो मीच. आणि आधीच सांगतो, मी पुण्यात राहतो पण गाव लांजा, तेव्हा ‘पावसाळा काढा’ वगैरे नको.

ताई, तुमचा राग हवेवर आहे आणि मार डेस्कटॉपला बसतोय. खारी हवा लॅपटॉपला ओळखीचा म्हणून सोडते का? आत बोर्डच आहे, उलट सगळं दाटीवाटीने. तुमची रॅम खोडरबराने पुसून चालली तरी. हल्लीच्या कित्येक पातळ लॅपटॉपात रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते. ती बिघडली तर काय पुसणार, कपाळ?

आणि सॉकेटचं म्हणाल तर चूक भाच्याची. इंटेल दर दोन-तीन वर्षांनी सॉकेट बदलतं, ११५१ गेलं, २०२० ला १२०० आलं, २०२१ ला १७००. तेव्हा एएमडीचं एएम४ सॉकेट घेतलं असतं तर रायझनच्या ५००० मालिकेपर्यंतचा प्रोसेसर बोर्डातला बायोस हा प्रोग्रॅम अद्ययावत करून बहुतेक बोर्डांवर बसला असता. बोर्डही अजून मिळतात. वाईट यंत्र घेतलं आणि जातीलाच नावं ठेवली, असं झालंय.

पुतण्याने माझं न ऐकता ८ जीबी सोल्डरवाला चकचकीत लॅपटॉप घेतला. दुसऱ्या वर्षी थ्रीडी मॉडेल उघडलं की विमान उडाल्यासारखा पंखा. वाढवायला स्लॉटच नाही. आता नोट्स बघायला वापरतो. अठ्ठावन्न हजारांची वही.

माजघर:
भाच्याला बोलायचं काम नाही. तेव्हा तुमचा हा धागा नव्हता मार्गदर्शन करायला.

मीटरपेटी:
मध्ये पडतो, माफ करा. ताई, एक विचारू? दोन एसएमपीएस आणि एक बोर्ड गेला म्हणता. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत होत्या का?

माजघर:
हो. म्हणून चप्पल घालूनच बसायचं असा नियम होता घरात.

मीटरपेटी:
अहो!!! नियम कसला, ती धोक्याची घंटा होती!

तुमच्या घराला अर्थिंगच नाही, किंवा आहे ते नावाला. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, गोंगाट अर्थमध्ये सोडायला. अर्थच नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर साधारण निम्मा व्होल्टेज दिसतो. टेस्टर लावा, मंद पेटेल. करंट अगदी थोडा म्हणून नुसत्या मुंग्या. पण उद्या आतलं इन्सुलेशन खरंच गेलं तर तोच पत्रा जिवंत. इथे लोक सॉकेट ११५१ की १७०० यावर भांडतायत आणि भिंतीतल्या सॉकेटचं तिसरं भोक कुठे जातं ते कोणालाच माहीत नाही.

सर्किटराव:
चला. धागा संपला.

कोलंबी_भात:
आमच्या घराक वायरमनान सॉकेटातच अर्थाची पिन न्यूट्रलाक जोडल्यान. म्हणता कसो, ‘टेस्टर पेटता काय आता? नाय ना? मगे झाला!’ दोनशे रुपये घेवन गेलो.

मीटरपेटी:
आजच्या आज तोडून टाका ते. बाहेरची न्यूट्रल तुटली, आणि वादळात ती तुटू शकते, की तुमचा फ्रिज, मिक्सर, संगणक सगळे पत्रे थेट फेजवर. तुमच्या त्या वायरमनला तारेवरच

(संपादित: रागात लिहिलेलं एक वाक्य काढलं.)

पडवीतला_झोपाळा:
मीटरपेटी, ज्ञान छान आहे पण जांभ्यावर राहून दाखवा. आमच्या घराखाली मातीच नाही. अर्थिंगसाठी खड्डा मारायचा तर दीड फुटावर पहार ठण्ण वाजते. गडी म्हणाला, ‘आजोबा, खाली नुसता चिरा लागलाय, खाण काढूया का?’ शेवटी पाइप आडवा पुरला. एप्रिल-मेमध्ये दगड असा कोरडा पडतो की त्या अर्थिंगचा उपयोग फक्त वेल चढवायला.

मीटरपेटी:
आडवा?? बरं. घरात विहीर असेल तर तिच्या काठच्या ओलीत घ्या आणि तिथून तार आणा. नाहीतर बोअरवाल्याकडून भोक पाडून खोल पाइप टाका, भोवती बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी माती. आणि काहीही करा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवाच. अर्थिंग अगदी पाच ओहमच्या आत आलं नाही तरी तो माणसाचा जीव वाचवतो.

पडवीतला_झोपाळा:
बेंटोनाइट! आमच्या वडिलांनी मीठ-कोळसा घालून केलेलं अर्थिंग वीस वर्षं चाललं. हल्ली सगळं पाकिटातलं.

मीटरपेटी:
वीस वर्षं चाललं हे कशावरून? मोजलं होतंत? मिठाने जस्त चढवलेला जीआय पाइप आतून खाल्ला जातो, वरून टोक मात्र शाबूत दिसतं. उकरून बघा, खाली काही शिल्लक असेल तर मी तुमच्याकडे जेवायला येतो.

पडवीतला_झोपाळा:
जेवायला या, पण वडिलांबद्दल जपून बोला.

मीटरपेटी:
पाइपाबद्दल बोललो हो.

सुरमई_सुकी:
मी स्वतः विद्यार्थी आहे, रत्नागिरीत, दुसरं वर्ष. संगणक आमचा आणि चर्चा आजोबांच्या पाइपाची, म्हणून धाडस करतो.

माझ्याकडे चुलत भावाचा जुना लॅपटॉप, सातव्या पिढीचा आय३, ४ जीबी, फिरती हार्डडिस्क. चालू करून मी अंघोळ करून यायचो. स्वतः मागचं झाकण उघडलं, हार्डडिस्क काढून साटा एसएसडी (न फिरणारी डिस्क) घातली, रॅम ८ केली. एक स्क्रू अजून सापडलेला नाही. पण फरक असा की आईला वाटलं नवा घेतला. तेव्हा ‘डेस्कटॉपवरच शिकायला मिळतं’ हे काकांचं म्हणणं मान्य नाही.

आता रडगाणं. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते. माझी सातवी. एका पिढीने हुकलो! मिंट हे लिनक्स टाकलं, पायथॉन आणि सी मस्त चालतं, पण थ्रीडी आराखड्यांचं सॉलिडवर्क्स लिनक्सवर नाही. त्यासाठी कॉलेजच्या लॅबमध्ये पाचपर्यंत बसतो. नवीन घ्यायचा तर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यापासून रॅमचे भाव बघवत नाहीत. ‘आत्ता ८ घे, पुढे वाढव’ असं जो तो सांगतो, पण पुढे स्वस्त होईल याची हमी कोण देतो?

सर्किटराव:
शाब्बास. हा मुलगा तुम्हा सगळ्यांपेक्षा शहाणा आहे. त्याने भाग बदलला, म्हणजे माझाच मुद्दा.

माजघर:
लॅपटॉपचा बदलला. म्हणजे माझा.

वाशिष्ठीकाठ:
चिपळूणकर म्हणून एवढंच सांगते. २२ जुलै २०२१, पहाटे. पाणी ओट्यावर चढलं तेव्हा हातात येईल ते माळ्यावर फेकत होतो. लॅपटॉप पीठ चाळायच्या परातीत घालून वर गेला. कॅबिनेटच्या वायरी टेबलामागून सोडवण्याइतका वेळ नव्हता. दोन दिवसांनी त्यातून किलोभर चिखल काढला. मुलाचं प्रोजेक्ट, सासऱ्यांचे फोटो, सगळं त्यात. बेंटोनाइट वगैरे चालू द्या तुमचं.

सर्किटराव:
याला उत्तर नाही माझ्याकडे. फक्त, बॅकअप बाहेरच्या डिस्कवर ठेवायला हवा होता हे म्हणावंसं वाटतं.

वाशिष्ठीकाठ:
होता. बाहेरची डिस्क कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवलेली होती.

सर्किटराव:
🙏

बरं, माजघर ताई, मी मान्य करतो की वसतिगृहात राहणाऱ्या, पुराच्या गावातल्या, समुद्रकाठच्या, अर्थिंग नसलेल्या, चप्पल घालून टाइप करणाऱ्या मुलीने लॅपटॉप घ्यावा. एवढ्या अटीत बसणाऱ्या प्रत्येकाला माझा पाठिंबा.

माजघर:
तुमच्या पाठिंब्याचा भार कोणत्या सॉकेटवर घेऊ?

पण एक कबूल करते. तुम्ही लिहिल्यावर धाकटीच्या लॅपटॉपचा कागद पुन्हा वाचला. त्यात ८ जीबी सोल्डर आणि ८ स्लॉटमध्ये. मोकळा स्लॉट नाहीच. दुकानदाराने ‘स्लॉट आहे’ म्हटलं ते खरंच होतं म्हणायचं, मोकळा आहे असं तो म्हणालाच नव्हता.

सर्किटराव:
८ ची काठी काढून १६ ची घाला, २४ होतील. चालतं तसं. जुनी त्या रत्नागिरीच्या मुलाला स्वस्तात द्या.

सुरमई_सुकी:
माझी रॅम डीडीआर४ पिढीची आहे काका. ताईंची डीडीआर५ असणार. खाचच जुळत नाही.

मीटरपेटी:
नवा लॅपटॉप सुट्टीत घरी येईल तेव्हा त्याच सॉकेटात लागणार आहे, हे लक्षात आहे ना? चार्जर लावल्यावर धातूच्या पाठीलाही मुंग्या येतात.

माजघर:
आल्या. गणपतीत. म्हणून तर विचारते, विहीर घरापासून चाळीस फुटांवर आहे, तार जमिनीखालून आणायची की कुंपणावरून चालेल? रविवारी वायरमन येतोय.

कोलंबी_भात:
दोनशे रुपयांत करता काय तो? मगे माझोच आसतलो.