मदत हवी आहे: बुध आणि मंगळावर वजन सारखंच कसं?

नमस्कार मंडळी, मी नागपूरला सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. परवा वर्गात किलोभर संत्री ताणकाट्याला लावली आणि सांगितलं, हाच काटा चंद्रावर साधारण १६५ ग्रॅम दाखवेल, मंगळावर ३८०. मग तागडी काढली. एका पारड्यात संत्री, दुसऱ्यात किलोचं माप. ही कुठेही नेली तरी किलोच दाखवणार, कारण माप आणि संत्री दोन्ही सारखीच हलकी होतात. वस्तुमान आणि वजन यातला फरक मुलांना तिथेच कळला, फार आनंद झाला.

पण एका मुलीने विचारलं, बुध ४,८७९ किमी व्यासाचा, मंगळ ६,७७९ किमीचा, तरी दोन्हीकडे गुरुत्व त्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो तो) ३.७ मीटर प्रति सेकंद वर्ग कसं? बुधाचा लोखंडी गाभा मोठा, म्हणून तो जास्त घन, एवढं मी सांगितलं. तिचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. हे हाताने करून दाखवता येईल असा प्रयोग कोणाला माहीत आहे का? गुरूचंही सांगा. तिथे घट्ट जमीनच नाही, मग पृथ्वीच्या अडीचपट वजन नेमकं कुठे उभं राहून मोजायचं, हे मुलांना कसं समजावता? शनिवारी त्यांना रामन विज्ञान केंद्रात नेतेय, त्याआधी कळलं तर बरं होईल.