टाकी बांधायला पैसे आहेत, मग मोटर चालवायला का नाहीत?

सिन्नरचा शेतकरी: जलजीवन मिशन २०१९ ला आलं, घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर असं ठरलं. निम्मे पैसे केंद्राचे, निम्मे राज्याचे. टाकी झाली, पाइप गाडले, नळ बसले, पण पुढं? दीड हजार वस्तीच्या गावाला रोज ८२,५०० लिटर पाणी उपसायचं, त्याचं लाईट बिल, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, पाणी सोडणाऱ्या वॉलमनचा पगार, लिकेज, सगळं ग्रामपंचायतीच्या अंगावर. मोटर जळाली की पुन्हा डोक्यावर हंडा, आणि तो कुणाच्या डोक्यावर येतो ते सगळ्यांना माहितीये. लहान ग्रामपंचायतींना योजना चालवायचा खर्च पण सरकारनेच द्यायला पाहिजे.

निफाडकर: भाऊ, हे नाही पटत. १५ व्या वित्त आयोगातून २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींना जो निधी मिळाला त्यातला ६० टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. देखभाल-दुरुस्ती त्यातून करता येते. खरं दुखणं पाणीपट्टीचं आहे, सरपंच मागत नाही कारण पुढच्या वर्षी निवडणूक. ३०० घरांनी महिन्याला १०० रुपये दिले तरी ३० हजार जमतात. फुकट मिळालं की तोटी कुणी बंद करत नाही, पाणी रस्त्यावर वाहतं.

सिन्नरचा शेतकरी: दादा, ३०० पैकी किती घरं देतात ते पण बघा ना. दुष्काळात कांद्याला भाव नसला की लोक किराणा उधारीवर आणतात, तिथं पाणीपट्टी कुठून भरणार. आणि पगार थकला तर वॉलमन काय हवेवर जगेल का?

इगतपुरीची ताई: तुम्ही दोघं बिलावर भांडताय, आमच्याकडं उपसायला पाणीच नाही. ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो पण खाली काळा कातळ, पाणी मुरत नाही, उतारावरून निघून जातं आणि एप्रिलपासून विहिरीचा तळ दिसतो. अप्पर वैतरणा धरण आमच्या भागात आणि पाणी मुंबईला. पाड्यावर नळ आहे पण उन्हाळ्यात त्यातून नुसती हवा येते, बाया झऱ्यावर वाटी वाटीनं पाणी भरतात. आधी उद्भवावर, म्हणजे पाणी जिथून येतं त्यावर पैसा टाका, बंधारे, झऱ्यांचं काम, मग पाइप.

निफाडकर: ताईंचं एकदम बरोबर, उद्भव नसताना योजनेला मंजुरीच द्यायला नको. पण माझा मुद्दा सोडत नाही, जिथं पाणी आहे तिथं मीटर पाहिजेच.

चांदवडचा: गटारीचं कुणीच बोलत नाही! नळ आला म्हणजे सांडपाणी वाढणारच. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात ५००० पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये, म्हणजे दीड हजार वस्तीला ४ लाख २० हजार. त्यात शोषखड्डे होतील फार तर, आणि काळ्या मातीत ते लवकर तुंबतात. मग घरासमोर डबकं, डास, आणि त्याच चिखलातून गेलेल्या पाइपला लिकेज असलं तर लाईट गेल्यावर तेच घाण पाणी नळात ओढलं जातं. पाणी आणि गटारीचा आराखडा एकत्रच मंजूर करा.

सिन्नरचा शेतकरी: हे पटलं. निफाडकर दादा, मीटरला माझी हरकत नाही, पण ज्यांच्याकडं रेशनचं पिवळं कार्ड आहे त्यांचं बिल सरकारने भरावं.

निफाडकर: अर्धं भरावं. पूर्ण नाही.