वणीच्या गडाला पायी: सावकाश गेलेल्यांनी अनुभव लिहा

रामनवमी ते चैत्र पौर्णिमा गडावर यात्रा असते आणि आपल्याकडची माणसं पायी निघतात. खान्देश म्हणजे सप्तशृंगी मायचं माहेर, त्यामुळे आपली लगबग जरा जास्तच. यंदा मीही धुळ्याहून निघणार आहे. वय 54, एक गुडघा बरा, दुसरा कुरकुरणारा. गल्लीतली पोरं चार दिवसांत पोचतात. मला ते झेपायचं नाही. मार्ग झोडगे, मालेगाव, सौंदाणे, देवळा, कळवण, नांदुरी असा धरलाय, सव्वाशे किलोमीटरच्या वर. तुम्ही कसे गेलात?

धुळे, सात वेळा पायी
पहिल्या वर्षी मीही पोरांच्या मागे धावलो. पहिल्याच दिवशी पस्तीस किलोमीटर, तेही नव्या कोऱ्या बुटांत. मालेगाव यायच्या आत दोन्ही टाचांना लिंबाएवढे फोड आले आणि पुढचा रस्ता टेम्पोत बसून पाहिला. आता सात दिवस घेतो, रोज अठरा-वीस किलोमीटर. पहाटे तीनला उठायचं, नऊच्या आत मुक्काम गाठायचा. चैत्रात पारा चाळिशी ओलांडतो, अकरानंतर डांबर चपलेतूनही भाजतं. दुपारी देवळात नाहीतर निंबाखाली आडवं व्हायचं, ऊन कलल्यावर जमलं तर तासभर चालायचं, नाहीतर नाही.
आग्रा रोडवर अंधारात ट्रकवाल्याला आपण दिसत नाही. चमकणारी पट्टी पाठीवर हवीच आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनेच चाला. बूट महिनाभर आधी वापरून मऊ करा. रात्री तळव्यांना खोबरेल, सकाळी कोरडे सुती मोजे. बाकी युक्त्या लोक सांगतील तेवढ्या थोड्या, पण माझे पाय याच दोन गोष्टींनी वाचले.

अमळनेर
खाण्याचं सांगतो. दुधात मळलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस सहज टिकते. वाटेत ठिकठिकाणी मंडळांचा महाप्रसाद असतो, पण भरपेट जेवून लगेच चालू नका. एकदा वरण-बट्टी हाणून निघालो आणि दोन किलोमीटरवर बसकण मारली. पाण्यात मीठ, साखर, लिंबू. आणि त्या डीजेच्या गाडीपासून अर्धा किलोमीटर मागे राहा, देवीचं नावसुद्धा ऐकू येत नाही.

पाचोरा
आमचा कुरकुरा गुडघा म्हणजे माझे वडील. त्यांचा वेग तोच आमच्या बारा जणांचा वेग, हे निघण्याआधीच ठरवलं. पहिले दोन दिवस तरणी पोरं वैतागली. कळवणला गिरणा लागली तेव्हा वडील काठावर बसून राहिले. याच नदीच्या पाण्यावर आमची केळी आणि कपाशी. उगमही कळवण तालुक्यातच. तिथे आमचा दीड तास गेला. कोणी कुरकुर केली नाही.

नाव नको, साक्री तालुका
एवढं आरामात जायचं तर एसटी काय वाईट? माझा नवस होता, चार दिवसांत अनवाणी गेलो. त्रास झाला, पण तो सोसायचाच होता.

धुळे, सात वेळा पायी
भाऊ, नवसाला माझी ना नाही. पण धागा गुडघेवाल्यांचा आहे.

शहादा
आम्ही चैत्रात नाही, कोजागिरीला जातो, तापीचं पाणी कावडीत घेऊन. ऊन मऊ, रानं हिरवी, फक्त परतीच्या पावसाची धास्ती. कावड खांद्यावर असली की पळता येत नाही, ती आपल्या तालात झुलते आणि पाय त्या तालावर पडतात. सावकाश चालायला शिकायचं असेल तर याहून चांगला मास्तर नाही.

चोपडा
आई 68 वर्षांची. नांदुरीपासून दहा किलोमीटरचा घाट तिने दोन टप्प्यांत चढला, पहाटे अर्धा, संध्याकाळी अर्धा. वर गावात पोचल्यावर मंदिराच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या उरतात. 2018 पासून ट्रॉली आहे, मी तिकीट काढायला निघालो. "माले पायी जानं शे. तू जाय ट्रॉलीमा." मी गेलो नाही, हे सांगायला नकोच. प्रत्येक वळणावर बसत वर गेलो. तिथे अठरा हातांची माय समोर आली आणि आई पहिल्यांदा म्हणाली, "आते पाय दुखतस."

धागाकर्ता
सात दिवस पक्के. परतीचं काय करता?

धुळे, सात वेळा पायी
एसटी. खिडकीची जागा धरायची. ज्या निंबाखाली दुपारभर घोरलो त्या झाडाचा बुंधा दोन सेकंदांत मागे जातो. दरवर्षी शेजारच्याला हात करून दाखवतो, तोवर तो झोपलेला असतो.