'मंदी', 'घबराट' की 'आपटी'? अमेरिकी आर्थिक संकटांची शब्दावली

विचारणा : १९०७चं 'पॅनिक', १९२९चा 'क्रॅश', त्यानंतरचं 'डिप्रेशन' आणि २००७-०९चं 'रिसेशन' या चारही गोष्टींना मराठीत सर्रास 'मंदी' म्हटलेलं आढळतं. वेगळे शब्द कोणते वापरावेत? 'बँक रन' (घाबरलेल्या ठेवीदारांनी एकदम ठेवी काढून घेणं) आणि 'मार्जिन कॉल' यांनाही नेमका शब्द हवा आहे.

प्रतिसाद १ : 'मंदी' आधीच दोन कामं करते. बाजारात तेजी-मंदी असते ती भावांची. देशात मंदी येते ती उत्पादन आणि रोजगाराची. त्यात क्रॅशही कोंबला की वाक्य चुकीचंच होतं. १९ ऑक्टोबर १९८७ला डाऊ जोन्स हा अमेरिकी शेअरबाजाराचा निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के आपटला, पण अमेरिकेची अर्थव्यवस्था वाढतच राहिली. पुढचं रिसेशन सुरू झालं जुलै १९९०मध्ये. म्हणून '१९८७ची मंदी' असं लिहू नये, '१९८७ची आपटी' लिहावं. क्रॅश दिवसांत मोजतात, रिसेशन महिन्यांत. 'महामंदी' हा शब्द १९२९नंतरच्या दशकासाठीच राखून ठेवावा. 'घसरण' मात्र क्रॅशला फार सौम्य वाटतो, दोन टक्क्यांचीही घसरणच असते.

प्रतिसाद २ : पॅनिकला 'घबराट' योग्य आहे, पण घबराट कुणाची ते वाक्यात यायलाच हवं. १९०७मध्ये ती मुख्यतः ठेवीदारांची होती. युनायटेड कॉपर या कंपनीचे शेअर कोंडून भाव चढवण्याचा डाव फसला. त्या डावातल्या मंडळींशी संबंध असल्याच्या बातमीने न्यूयॉर्कच्या निकरबॉकर ट्रस्ट कंपनीसमोर लोक जमले. २२ ऑक्टोबरला काही तासांत सुमारे ८० लाख डॉलर काढले गेले आणि खिडक्या बंद झाल्या.

इथे भाषांतरात दोन चुका होतात. पहिली, 'ट्रस्ट'ला 'न्यास' म्हणणं. त्याने वाचकाला धर्मादाय संस्था वाटते. ही ठेवी घेणारी, नफ्यासाठी चालणारी कंपनी होती. राष्ट्रीय बँकांपेक्षा तिच्यावर निर्बंध कमी होते, रोख शिल्लकही ती कमी ठेवायची, आणि म्हणून तीच आधी अडकली. तेव्हा 'ट्रस्ट कंपनी' तसंच राहू द्यावं. दुसरी चूक 'बुडाली'. निकरबॉकर मार्च १९०८मध्ये पुन्हा उघडली, त्यामुळे 'पैसे देणं थांबवलं' हेच बरोबर. १० मे १८३७ला न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोन्या-चांदीची नाणी देणं थांबवलं, तेही बुडणं नव्हतं. रोख संपणं आणि देणं मालमत्तेपेक्षा जास्त होणं या वेगळ्या अवस्था आहेत. पहिलीला 'रोखटंचाई' म्हणावं, 'दिवाळं' फक्त दुसरीला.

विचारणा करणारे : मग 'बँक रन'ला 'ठेवीदारांची झुंबड' चालेल?

प्रतिसाद २ : १९०७ला चालेल, तिथे रांगा होत्या. ९ मार्च २०२३ला सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर गेले, बहुतेक फोन आणि संगणकावरून. तिथे झुंबड कुठली? 'ठेवींचा उपसा' दोन्हीकडे बसतो. विहीर आटेपर्यंत पाणी ओढलं जातं, तसंच हे आहे.

प्रतिसाद ३ : मार्जिन कॉलला 'मार्जिनचा तगादा' म्हणावं. 'मार्जिन' म्हणजे कर्ज काढून शेअर घेताना आपण स्वतःचा घातलेला वाटा. हा शब्द बाजारात रुळलेला आहे, तो बदलू नये. 'नफ्याचं प्रमाण' हा अर्थ तर इथे साफ चुकीचा.

अर्थ आकड्यांत पाहा. १०० डॉलरचा शेअर, त्यात १० आपले, ९० दलालाचं कर्ज. १९२०च्या दशकात असेही सौदे होत. भाव १० टक्के उतरला की आपलं सगळं संपलं. दलाल त्याआधीच तगादा लावतो आणि पैसे आले नाहीत तर तारण पडलेला शेअर विकतो. त्या विक्रीने भाव आणखी उतरतो आणि पुढच्याला तगादा जातो. २८ ऑक्टोबर १९२९ला डाऊ सुमारे १२.८ टक्के आणि दुसऱ्या दिवशी ११.७ टक्के आपटला, त्यामागे ही सक्तीची विक्री मोठी होती. १९३४च्या कायद्याने कर्जाची मर्यादा ठरवण्याचा अधिकार फेडरल रिझर्व्हकडे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेकडे, आला. आज सुरुवातीला निम्मी रक्कम आपली लागते आणि पुढे शेअरच्या चालू भावाच्या किमान २५ टक्के वाटा आपला राखावा लागतो. म्हणजे ५० आपले आणि ५० कर्ज असतील तर तगादा भाव साधारण ६६.६७च्या खाली गेल्यावर येतो. अनेक दलाल २५पेक्षा जास्त वाटा मागतात, मग तो आधीच येतो.

प्रतिसाद १ : थोडी भर घालतो. निर्देशांकाचे 'अंश' (पॉइंट) एकटे लिहू नयेत, टक्के द्यावेत. १९८७चे ५०८ अंश २२.६ टक्के होते, तर १६ मार्च २०२०चे २,९९७ अंश फक्त १२.९ टक्के. 'काळा सोमवार' लिहिताना वर्ष हवंच, कारण तो १९२९चाही आहे आणि १९८७चाही. 'काळा शुक्रवार' तर २४ सप्टेंबर १८६९चा, सोन्याच्या बाजारातला.

आणि १९३३चा 'बँक हॉलिडे' म्हणजे 'बँकांना सुट्टी' नव्हे. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी ६ मार्चला हुकूम काढून देशभरातल्या बँका बंद केल्या. तपासणीत टिकलेल्या १३ तारखेपासून टप्प्याटप्प्याने उघडल्या. 'बँकव्यवहार-बंदी' म्हटलं की सक्तीचा अर्थ येतो.