लाइमनंतर चार वर्षं: उभी राहिले की पावलं जांभळी

सर्वांना नमस्कार,

समितीच्या परवानगीने नाव न देता लिहिते आहे. चार वर्षांपूर्वी मला लाइम झाला, म्हणजे गोचीड चावल्यातून होणारा जिवाणूंचा आजार. गोचीड दिसलीच नाही. पिल्लू असताना ती खसखशीच्या दाण्याएवढी असते, चावलेलं कळतही नाही. चावल्यावर उठणारा चट्टाही आठवत नाही. पहिली रक्ततपासणी निगेटिव्ह आली, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात. निदान होईतो दीड महिना गेला. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक २१ दिवस घेतलं. ताप गेला, थकवा राहिला.

त्यानंतर हे सुरू झालं. उभी राहिले की छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पावलं जांभळी पडतात. आडवी झाले की रंग परत येतो. गारठ्यात बोटं पांढरी, मग निळी, मग लाल. ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), पायांचं डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी), सगळं नॉर्मल. घरच्यांना त्याचा आनंद होतो आणि मला वाटतं, आता माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?

एका खासगी क्लिनिकने सहा महिने शिरेतून अँटिबायोटिक सुचवलं आहे. कुणी घेतलंय का?

– एक सभासद

---

ताई,

माझ्या नवऱ्याने घेतलं. दंडातून छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी, पिक लाइन, बसवली. सातव्या आठवड्यात हात सुजला. नळीभोवती गुठळी झाली होती. मूळ दुखणं तसंच राहिलं. अमेरिकेत झालेल्या चाचण्यांतही लांबलेल्या अँटिबायोटिकचा धोका पत्करावा इतका फायदा दिसलेला नाही. म्हणून तुमचा त्रास खोटा ठरत नाही हो! लाइमचे नेहमीचे उपचार घेतलेल्या १०० पैकी ५ ते १० जणांचा थकवा आणि वेदना सहा महिन्यांनंतरही जात नाहीत.

पण प्रत्येक नव्या लक्षणाला लाइमच म्हणू नका. त्यात आमची दोन वर्षं गेली. इको, डॉपलर बहुतेक आडवं निजवून काढतात. उभं राहिल्यावर होणारा त्रास त्यात सापडणार कसा? आडवं असताना नाडी आणि रक्तदाब मोजा, मग उभं राहून दहा मिनिटं मोजत राहा. जवळ कुणीतरी असू द्या. रक्तदाब फारसा न उतरता नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर डॉक्टरांना पॉट्सबद्दल, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या विकाराबद्दल, विचारा. ह्यांना घट्ट मोजे, जास्त पाणी-मीठ आणि बसून करायचा व्यायाम यांनी पुष्कळ उतार पडला. मीठ मात्र डॉक्टरांना विचारूनच. बोटांचं रेनॉड असू शकतं, म्हणजे गारठ्यात बोटांच्या रक्तवाहिन्या आकसणं, ते वेगळं दाखवा.

एकच पाय सुजला, धाप लागली किंवा शुद्ध हरपली तर थेट इमर्जन्सीत जा.

– तुमच्यासारखीच एक

---

ताई,

आज सकाळी मुलीला जवळ बसवून मोजलं. आडवी असताना नाडी ७२, उभी राहिल्यावर आठव्या मिनिटाला ११४, दहाव्यालाही तेवढेच. रक्तदाब जवळजवळ तोच. कागद मुलीने लिहिला, माझे हात कापत होते. क्लिनिकला सध्या नको म्हणून कळवलं. मंगळवारी हा कागद घेऊन डॉक्टरांकडे जाते आहे.