शब्दचर्चा : ‘सेल्फ-कम्पॅशन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :
मधुमेहाच्या रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचे भाषांतर करताना मी ‘सेल्फ-कम्पॅशन’ या शब्दापाशी अडले आहे. पथ्य मोडले, आठवडाभर चालणे राहिले, साखर वाढली, तर स्वतःला दूषणे देत बसू नये, स्वतःशी मायेने वागावे, असा मूळ मजकुराचा आशय आहे. ‘आत्मकरुणा’, ‘स्वानुकंपा’ आणि ‘आत्मदया’ यांपैकी कोणता शब्द साठीच्या, जेमतेम शाळा शिकलेल्या वाचकाला कळेल?

प्रतिसाद :
‘स्वानुकंपा’ आधी बाजूला ठेवावा. दुसऱ्याच्या थरथरण्याबरोबर आपणही थरथरणे, ही अनुकंपेची व्युत्पत्ती सुंदर आहे. पण आज हा शब्द सर्वाधिक ऐकू येतो तो ‘अनुकंपा तत्त्वावरील नियुक्ती’मध्ये, आणि ती नोकरीत असलेला माणूस गेल्यावर त्याच्या वारसाला मिळते. रुग्णाच्या हाती देण्याच्या कागदावर तो नसलेला बरा. ‘दया’ मराठीत एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ‘दया करणें जें पुत्रासी, तेचि दासा आणि दासी’ असे तुकोबा म्हणतात, तेव्हाही करणारा एक आणि घेणारा दुसरा असतो. दोघे एकच झाले की दयेची कीव होते.

आणि कीव तर येथे नेमकी नको आहे. क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये या संकल्पनेचे तीन घटक सांगितले. पहिला स्वतःशी सौम्यपणे वागण्याचा. दुसरा असा की, चुकणे आणि दुःख भोगणे सर्वांच्याच वाट्याला येते याचे भान ठेवावे. यासाठी आपल्याकडे ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण तयारच आहे, आणि स्वतःची कीव करणारा माणूस मात्र ‘माझेच नशीब फुटके’ म्हणून त्या चुलींपासून वेगळा जाऊन बसतो. तिसरा घटक म्हणजे वेदना न नाकारता, पण तिच्यात वाहूनही न जाता तिच्याकडे पाहणे. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हा घरगुती सल्ला त्याच्या बराच जवळ जातो.

माझे मत ‘आत्मकरुणा’ला आहे. ‘करुणा’ निदान कुणाला खाली पाहायला लावत नाही.

दुसरा प्रतिसाद :
‘आत्मकरुणा’ निर्दोष आहे, पण तो परिभाषेच्या कोशात शोभेल. आपण नाम शोधत आहोत म्हणून अडलो आहोत, असे मला वाटते, कारण मराठीत ही गोष्ट क्रियापदाने सांगतात. लग्नात पाठवणीच्या वेळी मुलीची आई विहीणबाईंना काय म्हणते? ‘काही चुकले तर सांभाळून घ्या.’ त्यात चूक होणार हे धरलेले आहे, ती चूकच आहे हेही मान्य आहे, आणि तरीही माणसाला दूर लोटू नका, अशी विनंती आहे. ही विनंती स्वतःकडे वळवली की मूळ संकल्पना जवळपास पूर्ण हाती येते.

येथे शेजारची क्रियापदे काळजीपूर्वक वेगळी ठेवली पाहिजेत. ‘पाठीशी घालणे’ यात चूक झाकली जाते. ‘चालवून घेणे’ यात ती सुधारण्याची अपेक्षाच सोडलेली असते; ‘एका लाडवाने काय होते’ म्हणणारा मधुमेही स्वतःचे चालवून घेत असतो, सांभाळून घेत नसतो. स्वतःशी मऊ वागले तर माणूस सैल पडेल, अशी जी शंका नेहमी घेतली जाते, ती बहुधा या दोन क्रियापदांची गल्लत झाल्याने येते. न्यूझीलंडमध्ये मधुमेहाच्या ६३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना आठ आठवडे स्वतःशी असे वागण्याचे शिक्षण दिले, त्यांचे नैराश्य तर कमी झालेच, पण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणीही सुधारली. दूषणे देणारा माणूस अनेकदा ग्लुकोमीटरच कपाटात टाकतो, कारण त्याला प्रत्येक आकडा निकालपत्रासारखा वाटतो. सांभाळून घेणारा निदान आकडा पाहू तरी शकतो.

प्रश्नकर्ती :
दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. शीर्षकाखाली ‘आत्मकरुणा’ एकदाच ठेवते आणि मजकुरात असे लिहिते : ‘पथ्य मोडले तर ते मोडले हे कबूल करा, स्वतःला सांभाळून घ्या, आणि पुढचे जेवण ठरल्याप्रमाणे घ्या.’ आधी मी ‘तुमचे तुम्ही सांभाळून घ्या’ असे लिहिले होते. ते मोठ्याने वाचल्यावर लक्षात आले की, त्याचा अर्थ ‘आम्हाला विचारायला येऊ नका’ असा होतो.