भाडेकरू गेल्यावर घराची डागडुजी : तुमचे अनुभव

किल्ली परत मिळाली, घर रिकामं झालं आणि पहिल्यांदाच त्या भिंती नीट पाहिल्या. पलंग, कपाटं, पडदे असेपर्यंत घर छान दिसत असतं हो! भाडेकरू माणसं चांगली होती, भाडं वेळेवर द्यायची. तरी कपाट हलवल्यावर मागे हातभर काळी बुरशी. मी काय केलं? घासली, वरून रंग मारला. दोन महिन्यांत नव्या भाडेकरूंचा फोन, "भिंत काळी पडतेय." मग कळलं की ती बाहेरची, गार भिंत. कपाट अगदी टेकवून ठेवलेलं, मागे हवा खेळत नव्हती, त्यामुळे तिथे दमटपणा धरत होता. आता कपाट चार बोटं पुढे ओढायला सांगतो. बुरशी आधी मारायची, भिंत पूर्ण वाळू द्यायची, मगच प्रायमर. हा क्रम शिकायला मला दोनदा रंगाचे पैसे मोजावे लागले.

तुम्ही काय काय निस्तरलंत? मालक, भाडेकरू, रंगारी, सगळ्यांनी लिहा.

*

आमचं घर दीडेक महिना बंद होतं. उघडलं तर असा वास की वाटलं ड्रेनेज फुटलं. फरशी उखडायची मनाची तयारी करूनच प्लंबरला बोलावलं. त्याने बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीवरच्या जाळीखालच्या भांड्यात) दोन तांबे पाणी ओतलं आणि म्हणाला, "थांबा अर्धा तास." वास गेला! ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठलेलं असतं, तेच खालची घाण हवा अडवतं. घर बंद राहिलं की ते उडून जातं. झुरळंही त्याच वाटेने वर येतात. आता घर रिकामं असलं की दर आठवड्याला कोणीतरी जाऊन सगळीकडे पाणी ओततो, कमोडसुद्धा एकदा फ्लश करतो. जाणं जमणार नसेल तर ट्रॅपच्या पाण्यावर चमचाभर तेल सोडा, पाणी सावकाश उडतं.

*

खिळे. एका खोलीत एकोणतीस मोजले. भोकांत लांबी (पुट्टी) भरली, पॉलिशपेपर मारला, माळ्यावरच्या जुन्या डब्यातला तोच रंग तेवढ्या जागी लावला. भिंत देवी आल्यासारखी दिसत होती. डबा तोच असला तरी भिंतीवरचा रंग एव्हाना उन्हाने, धुळीने बदललेला असतो. रंग द्यायचा तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत द्या. आणि मोठ्या भोकात लांबी एकदम कोंबू नका. ती सुकताना आत बसते, दोन थरांत भरा.

*

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे भाडेकरू. पाच वर्षं राहिले आणि सोडताना डिपॉझिटमधून अख्ख्या घराच्या रंगाचे पैसे कापले गेले. पाच वर्षांत रंग फिका होणार नाही तर काय होणार? दार मी मोडलं असेल तर जरूर कापा, पण वापराने जे झिजलं ते माझ्या नावावर कशाला? तेव्हापासून नव्या घरात सामान आत नेण्याआधी नळ, टाइल्स, दारांचे खालचे कोपरे, सगळ्याचा व्हिडिओ काढते आणि त्याच दिवशी मालकांना पाठवते. वरच्या पोस्टमधल्या बुरशीचे पैसे कोणी भरले, हे विचारायचं होतं. :)

*

वरच्या ताई, मीच भरले. कपाट तिथे टेकवलं होतं तेही मीच.

*

गळका पाइप बदलला, भिंतीला नवं प्लास्टर केलं. गिऱ्हाईक तयार होतं म्हणून आठव्या दिवशी रंग. महिन्याभरात पोपडे, त्याखाली पांढरी क्षाराची भुकटी. रंगारी आधीच म्हणाला होता की प्लास्टरला चारेक आठवडे द्या. आम्हाला घाई!

*

एकच सांगते. टाइल्सवरचे पाण्याचे डाग काढायला ॲसिड वापरताना शेजारी ब्लीचची बाटली नको. मी एकावर एक ओतलं, क्लोरीन वायू झाला, खोकत बाहेर पळाले. ते ॲसिड संगमरवरी उंबऱ्यावर उडालं, त्याची चकाकी गेली ती गेलीच.

*

फ्लशच्या टाकीत थोडा निळा रंग टाकून अर्धा तास वापर बंद ठेवा. कमोडमध्ये निळं उतरलं तर आतला वॉशर गेलाय. तसंच सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा, काटा फिरत असेल तर कुठेतरी गळतंय. दोन्ही गोष्टी भाडेकरू समोर असतानाच कराव्यात. नंतर "आमच्या वेळी ठीक होतं" याला उत्तर नसतं.

*

विजेचे बोर्ड उघडून बघा (म्हणजे वायरमनकडून, स्वतः नाही). आमच्याकडे साध्या पॉइंटवर मल्टिप्लग लावून हीटर चालवलेला. बाहेरून बोर्ड चकाचक, आत वायरीचं वेष्टण वितळून काळं.

*

माझा किस्सा कुलपाचा. किल्ल्या मोजून दोन घेतल्या, कुलूप तेच ठेवलं. चार दिवसांनी मी शिडीवर, हातात ड्रिल, आणि दार उघडून एक अनोळखी गृहस्थ आत! आधीच्या भाडेकरूंचे मेव्हणे. त्यांच्याकडे तिसरी किल्ली होती, पडद्याचे रॉड न्यायला आले होते. दोघेही दचकलो. मग त्यांनी शिडी धरली, वर पाहिलं आणि म्हणाले, "तिथे नका भोक पाडू, आतून पाण्याचा पाइप गेलाय. आम्ही एकदा फोडलाय."

रॉड दिले. कुलूप दुसऱ्या दिवशी बदललं.